आपांचा वीस मिनिटांचा रियाज

मेहरुन आपा,

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले. या सतरा दिवसांत मी चार जणांना तुमच्याबद्दल सांगायला गेले आणि चारही वेळा वाक्य अर्ध्यावर सोडलं. 'माझी विद्यार्थिनी गेली' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एखादी कोवळी मुलगी येते, ते हळहळतात. मग 'चौसष्ट वर्षांच्या होत्या' असं सांगितलं की त्यांची हळहळ जराशी ओसरते. 'मैत्रीण होत्या' म्हणावं, तर आपण एकमेकींना शेवटपर्यंत मॅडम आणि आपाच म्हणत राहिलो. आणि 'गुरू होत्या' म्हटलं असतं, तर सगळ्यांत आधी तुम्हीच हसला असता. तेव्हा लोकांना सांगायचं सोडून दिलं. जे आहे ते तुम्हालाच सांगते. नाहीतरी आठवडाभरात माझं धड बोलणं व्हायचं ते तुमच्याशीच.

नांदेडच्या इतवाऱ्यातल्या तुमच्या शिलाईच्या दुकानात मी पहिल्यांदा आले ती व्हायोलिनला गवसणी शिवून घ्यायला. जुनी गवसणी उंदरांनी कुरतडली होती. तुम्ही गळ्यातली टेप काढलीत आणि गिऱ्हाइकाचं घ्यावं तसं व्हायोलिनचं माप घेतलंत. आधी छाती, मग कंबर, मग उंची.

"कंबर बारीक हाय हिची," तुम्ही म्हणालात. "पण गळा लई लांब. कपडा जास्तीचा लागंल." आणि माप लिहिता लिहिता, मान वर न करता, "वाजवून दाखवा की, मॅडम."

मी म्हटलं, तारा उतरल्यात.

"मग चढवा."

मी घड्याळात बघितलं, क्लासची वेळ झाली म्हणाले आणि निघाले. क्लासला अजून दीड तास होता, आपा. आणि उंदीर गवसणी खाईपर्यंत मला कळलं नाही, कारण ते व्हायोलिन मी कित्येक वर्षांत उघडलेलंच नव्हतं. मुलांना शिकवायला मी क्लासमधलंच एखादं घेत असे. माझं स्वतःचं कपाटावर पडून होतं.

गवसणी न्यायला आले तेव्हा तुम्ही आतून मऊ अस्तर लावलं होतं, न सांगता. ती माझ्या हातात देताना म्हणालात, "मला शिकवता का हे?"

मला वाटलं, नातवंडांसाठी विचारताय. तसं बोलूनही दाखवलं. तुम्ही मान हलवलीत. "नातवाला क्रिकेट पायजे. मी माझ्यासाठी विचारून राहिले. तेरा वर्षांची होते तवापासून मशीनवर हाय. खडखड ऐकू ऐकू कान भरले. या हातातून दुसरा काही आवाज निघतो का, बघायचंय."

कापड आणायला हैदराबादला जाणाऱ्या तुमच्या मुलानं तिथून एक जुनं व्हायोलिन आणलं, आणि तुम्ही नांदेडमधल्याच भाग्यनगरातल्या माझ्या दोन खोल्यांच्या क्लासात, दुसऱ्या मजल्यावर, गुडघे धरत चढून आलात. मांडी घालून बसणं जमत नव्हतं, म्हणून खुर्ची घेतलीत. पहिले दोन महिने तुमचा गज असा काही वाजायचा, की शेजारच्या बाईंनी मला येऊन विचारलं, दाराच्या बिजागरीला तेल घालायचं राहिलंय का? मी तुम्हाला ते सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात, की डोळे पुसायला ओढणी धरावी लागली.

आपलं पहिलं भांडण झालं ते रियाजाच्या वेळेवरून. मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, घरी रोज एक तास. पुढच्या आठवड्यात विचारलं, तर तुम्ही बिनदिक्कत म्हणालात, "वीस मिनिटं."

"आपा, असं नाही चालायचं."

"तासभर बसले असते, मॅडम. पण वीस मिनिटांनंतर मला माझी चूक ऐकू येईना झाली. ऐकूच येत न्हाई तर वाजवून काय करू? सुई दिसेना झाली की मी शिलाई थांबवते. डोळ्यांचं जे, तेच कानाचं."

मला राग आला. लातूरच्या माझ्या गुरुजींसमोर असलं काही बोलायची माझी हिंमत झाली नसती. रेणापूरहून मी रोज एसटीनं लातूरला जायची तेव्हा माझ्याकडे एक वही असे. तिच्यात रोज किती तास वाजवलं ते लिहायचं, खाली वडिलांची, अण्णांची, सही घ्यायची आणि गुरुजींना दाखवायची. चार तास, पाच तास, उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा. खांदा बधिर व्हायचा, बोटं सुजायची, अण्णा तेल चोळून द्यायचे आणि आम्हा सगळ्यांनाच त्याचा अभिमान वाटायचा. त्या सहा तासांत मी नेमकं काय सुधारलं, हे गुरुजींनी कधी विचारलं नाही आणि माझ्याही मनात कधी आलं नाही.

तुमचीही एक वही होती. तिच्यात तास नव्हते. रोजची एकच ओळ असायची, मोडक्या मराठीत, की आज कुठं अडलं. 'गंधार खाली पडून राहिला.' 'गज उलटा फिरताना झटका.' 'आज काही न्हाई अडलं, उद्या जोरात बघू.' दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला, की दुकान उघडायच्या आधी तुम्ही वही उघडायच्यात आणि सुरुवात करायच्यात ती त्या अडलेल्या जागेपासून. पहिल्यापासून नाही. हाताला येतंय ते आधी वाजवून खूश होऊन घ्यावं, ही माझी आयुष्यभराची सवय तुम्हाला ठाऊकच नव्हती.

आणि ते व्हायोलिन तुम्ही पेटीत ठेवायला तयार नव्हता! दुकानातल्या आरशाशेजारी खिळ्याला टांगलं होतं. मी म्हटलं, धूळ बसेल, कापडाचा बारीक कचरा जाईल आत, मे महिन्यात लाकूड तडकेल. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, त्याच्यावर एक मलमलचा तुकडा टाकलात आणि ते तिथंच ठेवलंत. "पेटीत बंद केलं की काढायचा कंटाळा येतो, मॅडम. समोर दिसलं की हात जातो." माझं कपाटावर होतं.

एका गोष्टीवर मात्र तुम्ही माझं ऐकलंत. मी म्हटलं होतं, नुसते तुकडे तुकडे करून राग येत नाही, कधीतरी चुकत-माकत, न थांबता, अख्खं वाजवायला हवं, नाहीतर मणी राहतात आणि दोरा सापडत नाही. तुम्ही विचार केलात आणि म्हणालात, "हाव, हे बराबर हाय. जुम्याला अख्खं वाजवते." पण मग मला रोज अख्खं हवं होतं आणि तुम्हाला आठवड्यातून एकदाच पुरे होतं. तो वाद मिटायचा राहिलाच. तसाच तालाचा. मी फोनवर तबल्याचं अ‍ॅप घालून दिलं, तर आधी तुम्ही नाक मुरडलंत. पंधरा दिवसांनी म्हणालात, "त्यो फोनमधला तबलेवाला लई सबुरीचा माणूस हाय. कितीबी चुका, चिडत न्हाई." आणि मुद्दाम माझ्याकडे बघितलंत.

चिडायची मी. पोरांवर तर फारच. स्नेहल आठवते का? विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली, सिटी बसनं यायची, पाठीवर एका बाजूला लॅपटॉपची बॅग आणि दुसऱ्या बाजूला व्हायोलिन. परीक्षेला आठ दिवस राहिले होते आणि भूपाच्या तिसऱ्या तानेत ती दरवेळी कोसळायची. कोसळली की पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही तुमच्या वेळेच्या आधी येऊन कोपऱ्यात बसला होता. मी स्नेहलला म्हटलं, "घरी जाऊन दोन तास जास्त बस, दुसरा इलाज नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मॅडम, मी बसतेय. मी रोज तीन तास बसतेय. मला नाही येत हे. मी सोडून देते."

मी काही बोलायच्या आत तुम्ही विचारलंत, "बाई, सुरुवात किती येळा वाजवली असशील आतापर्यंत?"

"शंभर वेळा तरी, आपा."

"अन् ती तान?"

"तेवढ्याच वेळा."

"तेवढ्याच येळा चुकली म्हण की. शंभर येळा चुकायचा रियाज केला तू. बोटांना काय कळतं बरोबर का चूक? त्यांनी तेच पाठ केलं."

स्नेहल रडायची थांबली. तुम्ही खुर्ची तिच्याजवळ ओढलीत. "ब्लाउजची बाही बिघडली तर मी अख्खा ब्लाउज उसवते का? कुठं धरतं ते बघायचं, तेवढंच उसवायचं. वाजव, अन् जिथं भीती वाटती तिथं थांब. चुकायच्या आधी थांब."

ती थांबली. चार सूर होते, आपा. सगळी तान नाहीच, फक्त चार सूर, आणि त्यातही एका बोटावरून दुसऱ्यावर जाण्याची एकच जागा. तुम्ही ते चार सूर तिला आधी तोंडानं म्हणायला लावलेत, मग गज बाजूला ठेवून नुसती बोटं ठेवायला लावलीत, मग वाजवायला. इतक्या सावकाश, की मलाच कंटाळा आला. लागोपाठ पाच वेळा बरोबर आलं तेव्हा ती सहाव्यांदा वाजवायला गेली, तर तुम्ही गजच धरलात. "बस. बरोबर आलंय तेवढं घेऊन घरी जा. उद्या सकाळी आधी हेच, मग त्याच्या अलीकडचा एक सूर अन् पलीकडचा एक जोड."

स्नेहल पास झाली, चांगली पास झाली. पेढे घेऊन आली आणि पहिला पेढा तुम्हाला दिला. इतकी वर्षं शिकवतेय मी, आणि 'अजून बस' याच्यापलीकडे कुठल्या मुलाला काही सांगितलं नव्हतं. किती मुलं क्लास सोडून गेली, त्यांची तोंडं त्या दिवशी आठवली. तुम्हाला पेढा देताना स्नेहल हसत होती, आणि मी चहा ठेवायला म्हणून आत गेले. मला तुमचा हेवा वाटला होता. हे कधी सांगितलं नाही. आता सांगते.

त्यानंतर कधीतरी तुम्ही सहज विचारलंत, "तुमी कवा वाजवता, मॅडम? रियाजाला कोणता टाइम हाय तुमचा?"

"सकाळी पाचला," मी म्हणाले.

तुम्ही "अच्छा" म्हणालात. एवढंच.

खरं असं होतं, की अकरा वर्षांपूर्वी लातूरला एका समारोहात मी बागेश्री वाजवत होते. तार सप्तकातून खाली उतरताना हात सरकवावा लागतो, ती जागा माझी कायमची कच्ची. रोजच्या सहा तासांत मी ती दरवेळी घाईनं ओलांडून पुढं जायची. त्या दिवशी तिथं हात अडला. पुन्हा घेतलं, पुन्हा अडला. तिसऱ्यांदा खांद्यापासून बोटांपर्यंत सगळा हात लाकडासारखा झाला आणि मी नमस्कार करून, बागेश्री अर्धी टाकून, उठले. समोर गुरुजी होते. अण्णा होते. अण्णा त्याच वर्षी गेले. लोकांना मी सांगितलं, खांद्याचं दुखणं आहे. मग नांदेडला येऊन हा क्लास काढला. दिवसभर दुसऱ्यांचे चुकलेले सूर ऐकायचे, साडेआठला शेवटचं मूल गेलं की दाराला कडी, एका माणसाचा कुकर आणि शांतता. त्या शांततेत वाजवावं असं अकरा वर्षांत एकदाही वाटलं नाही.

मग गुरुजींना ऐंशी वर्षं पूर्ण झाली म्हणून लातूरला सत्कार ठरला. जुन्या शिष्यांनी पंधरा-पंधरा मिनिटं वाजवायचं होतं. पत्रिका टेबलावर पडली होती, ती तुम्ही वाचलीत. माझं नाव छापलेलं बघून खूश झालात.

"मी नाही जाणार," मी म्हटलं. "खांदा."

तुम्ही पत्रिका खाली ठेवलीत. "खांदा न्हाई, मॅडम. तुमी भ्याल्या."

"तुम्हाला काय माहीत?"

तुम्ही तुमचा डावा हात पुढं केलात. चार बोटांच्या टोकांवर तारांचे घट्टे पडले होते, कडक, पिवळसर. मग माझा डावा हात हातात घेऊन उताणा केलात. "पहिल्यांदा तुमच्या बाहीचं माप घेतलं तवाच बघितलं होतं मी. मऊ बोटं. ह्या बोटांनी कोणी सकाळी पाचला वाजवत न्हाई. मला काय करायचं, म्हणून बोलले न्हाई. पण आता बोलते. वीस मिनिटं बसा. ती एक जागा घेऊन बसा."

म्हणजे तुम्हाला सुरुवातीपासूनच माहीत होतं. दोन वर्षं तुम्ही माझ्यासमोर बसून 'मॅडम, हे बराबर हाय का' विचारत होता आणि तुम्हाला माहीत होतं. मला इतकी शरम वाटली, की मी जे बोलले ते मला इथं लिहायचंही धाडस होत नाही, पण लिहिते. मी म्हणाले, "तुम्ही ब्लाउज शिवा, आपा. मला रियाज शिकवू नका."

तुम्ही गज ढिला केलात, तारांवरची राळ नेहमीसारखी फडक्यानं पुसलीत, वही पिशवीत टाकलीत. दारापाशी चप्पल घालायला तुम्हाला वेळ लागायचा, गुडघ्यांमुळे. मी तेवढा वेळ पाठमोरी उभी राहिले. चप्पल सापडल्याचा आवाज आला, मग जिन्यावरचा, एकेका पायरीचा.

मला वाटलं, संपलं. तो आठवडा मला चांगला आठवतो, कारण त्यात मी कुणाशीही फीच्या तारखा आणि क्लासच्या वेळा यांच्यापलीकडे एक शब्द बोलले नव्हते. पण सोमवारी पाच वाजता, तुमच्या वेळेला, तुम्ही आलात. खुर्चीवर बसलात, दम घेतलात आणि वही उघडून म्हणालात, "तीव्र मध्यमावर बोट न्हाई बसून राहिलं, बघा जरा." जणू काही झालंच नव्हतं. मी मध्यम बघितला. माफी मागायची राहून गेली. पुढच्या सोमवारी मागू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या.

तोंडानं मागता आली नाही म्हणून मी दुसरं काहीतरी केलं. कपाटावरून व्हायोलिन काढलं, नव्या तारा चढवल्या आणि रोज साडेचारला, मुलं यायच्या आधी, दार लावून बसायला लागले. वीस मिनिटं. बागेश्री नाही, आलाप नाही; ती उतरायची एक जागा. दोन सूर. पहिल्या दिवशी बोटांची सालं निघाली. दुसऱ्या दिवशी खांदा आखडला, तर थांबले. थांबायची परवानगी असते, हे मला एवढ्या वर्षांनी कळत होतं. तिसऱ्या आठवड्यात त्या दोन सुरांच्या अलीकडचा एक जोडला. शुक्रवारी अख्खं वाजवायचे. एकदा तर न अडता खाली उतरले आणि खुर्चीवर तशीच बसून राहिले. त्या दिवशी तुम्हाला फोन करणार होते. नंबरही लावला आणि लागायच्या आत कापला. वाटलं, आधी जमू दे. जमलं नाही तर निदान कुणाला कळायला नको.

म्हणून तुम्हाला सांगितलं, की शनिवारी रेणापूरला भावाकडं जातेय, भाचीचा साखरपुडा आहे. तुम्ही "अच्छा" म्हणालात. साखरपुडा नव्हता, आपा.

लातूरच्या त्या सभागृहात फार माणसं नव्हती. गुरुजी पहिल्या रांगेत, खांद्यावर शाल, कानात मशीन. बागेश्रीच घेतली. दोन ठिकाणी चुकले. एकदा गज घसरला आणि एकदा निषाद जरा चढा लागला. पण ती जागा आली तेव्हा हात आपोआप सैल झाला आणि मी खाली उतरले, पायरी पायरीनं, घाई न करता. कुणाला त्यात काही विशेष वाटलं नसेल. टाळ्या बेताच्याच पडल्या. पाया पडायला गेले तेव्हा गुरुजींनी माझा हात धरून ठेवला. त्यांना आता मोठ्यानं बोलवत नाही. म्हणाले, "हात हलका झालाय गं तुझा. कुणाकडं शिकून राहिलीस हल्ली?"

मी म्हटलं, "नांदेडला एक आपा आहेत."

"कोणत्या घराण्याच्या?"

मला हसू आलं आणि रडूही. गुरुजींनी उत्तराची वाट न बघता मान हलवली. "चांगलं शिकवतात," म्हणाले.

हे मला तुम्हाला सांगायचं होतं. रेणापूरला भावाकडं रात्र काढली, रविवारी दुपारची बस धरली आणि सगळा रस्ता मी हेच जुळवत होते, की सोमवारी तुम्ही दम घेऊन बसलात की कुठून सुरुवात करायची. आधी माफी, मग गुरुजींचं वाक्य, की आधी गुरुजींचं वाक्य. बस अहमदपूरच्या स्टँडवर थांबली होती. मी खिडकीतून उसाचा रस घेत होते आणि शबानाचा फोन आला. तुमच्या सुनेचा फोन मला याआधी कधी आला नव्हता. तिला नीट बोलता येत नव्हतं. "मॅडम, अम्मी… सकाळी नमाज झाली, चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाल्या… रिक्षा यायच्या आत…"

लोह्याजवळ रस्त्याचं काम चाललं होतं, बस पाऊण तास उभी राहिली. मी इतवाऱ्यात पोचले तेव्हा माणसं कब्रस्तानातून परतत होती. तुमचं तोंड बघायला मिळालं नाही. बायकांच्या खोलीत मला कुणी ओळखत नव्हतं. एकीनं विचारलं, "कौन लगते?" मी म्हटलं, मी यांना व्हायोलिन शिकवते. तिनं मला बसायला जागा करून दिली. भिंतीला टेकून मी तासभर बसले. भोवती सगळ्या एकमेकींना धरून रडत होत्या. माझ्याजवळ धरायला कुणी नव्हतं आणि कुणाला धरायचा हक्कही नव्हता.

परवा शबाना क्लासवर आली. हातात तुमची वही होती. "तुमच्याकडं राहू द्या, आम्हाला ह्यातलं वाचता येत न्हाई," म्हणाली. मग चहा घेता घेता तिनं विचारलं, "लातूरचा कार्यक्रम कसा झाला, मॅडम?"

मी कप खाली ठेवला. "तुला कुणी सांगितलं?"

"अम्मींनी. शनिवारी दिवसभर त्यांचं तेच चालू होतं. आज मॅडम वाजवणार, आज मॅडम वाजवणार. मी म्हटलं, त्या तर रेणापूरला गेल्यात म्हणत होता ना? तर हसल्या."

मग शबानानं सांगितलं ते असं. तीनेक महिन्यांपूर्वी एका सोमवारी तुम्हाला रिक्षा लवकर मिळाली आणि तुम्ही पाचच्या अर्धा तास आधी पोचलात. दाराआडून आवाज आला. तुम्ही दार वाजवलं नाहीत. वरच्या पायरीवर बसलात आणि आवाज थांबेपर्यंत ऐकत राहिलात. मग थोडा वेळ तसंच बसून, बरोबर पाचला आत आलात. त्यानंतर दर सोमवारी तुम्ही घरून लवकर निघायला लागलात. घरी जाऊन शबानाला सांगायच्यात, "आज अलीकडचा सूर जोडला." "आज जरा घाई केली." "आज उतरल्या, गं. सुखरूप उतरल्या."

तुम्ही मला बोलला नाहीत, कारण मी बोलले नव्हते. मी लपवत होते आणि तुम्ही माझं लपवणं सांभाळत होता. त्या सिमेंटच्या पायरीवर, दुखऱ्या गुडघ्यांनी, दहा-बारा सोमवार. आणि अकरा वर्षं मी समजत होते, की या घरात माझं कुणी ऐकत नाही.

माफ करा, आपा. त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल. दार लावून बसल्याबद्दल. लातूरला तुम्हाला सोबत न नेल्याबद्दल तर सगळ्यांत जास्त. पंधरा रांगा रिकाम्या होत्या तिथं. तुम्ही पुढं बसला असता आणि परतीच्या बसमध्ये मला माझी तिसरी चूक सांगितली असती. कुणीतरी फोनवर रेकॉर्डिंग पाठवलंय, ते मी अजून उघडलं नाही. दोन चुका मला माहीत आहेत. तिसरी मला एकटीला ऐकू येणार नाही.

काल दुपारी एका बाईंचा फोन आला. शाळेतून निवृत्त झाल्यात, आवाजात संकोच होता. "माझं वय झालंय, जमेल का हो मला?" मी म्हटलं, जमेल, या. व्हायोलिन पेटीत ठेवू नका, एवढं आधीच सांगून टाकलं. त्यांना वेळ कोणती हवी ते विचारलं.

"सोमवार बरा पडतो मला. सोमवारी पाच वाजता चालेल?"

"नाही," मी म्हणाले. "मंगळवारी या. सोमवारी पाचला माझा क्लास असतो."